कापसाचा हमीभाव आणि लाभधारकांची नावे

शासकीय अनुदानाचा इतिहास लिहिताना रक्कम किती खर्ची पडली याची चिकित्सा पुष्कळ होते. ती कोणाच्या हाती पडली याची क्वचितच. महाराष्ट्रातील कापसाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, प्रक्रिया व पणन) अधिनियम १९७१ साली संमत झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२-७३ च्या हंगामापासून, एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यास वगळून सहकारी पणन संघाने सर्व कापूस हमीभावाने घ्यावा, सरकी वेगळी काढून गाठी विकाव्यात, नफ्याचा वाटा उत्पादकास द्यावा आणि तुटीचा भार अखेर शासनाने उचलावा, अशी ही रचना होती. येथे अनुदान होते, पण ते भावातच मुरलेले होते. तुटीचा ठोक आकडा हिशेबात दिसे. लाभधारकाचे नाव दिसत नसे.

याचा परिणाम उघडच होता. हमीभाव बाजारभावाहून चढा असला की शेजारच्या राज्यांतील कापूस महाराष्ट्रात शिरे. तो उतरला की येथील कापूस सीमेबाहेर जाई. सातबाराचा उतारा जमीन कोणाची हे सांगतो. गाडीतला कापूस कोणाचा हे सांगत नाही. २००२ साली खाजगी खरेदीस मुभा मिळून एकाधिकार संपला, तरी तीन दशकांच्या तुटीतून नेमके कोण तरले, हे ताळेबंदावरून सांगता येत नाही.

नावांचा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला तो २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत. विदर्भातील कोरडवाहू कापूसकरी पुष्कळदा दोन हेक्टरांहून अधिक जमिनीचा धनी असल्याने त्याच्या वाट्यास पूर्ण माफी न येता सवलतच आली, ही तक्रार सर्वपरिचित आहे. मात्र या योजनेत पात्र शेतकऱ्यांच्या याद्या बँकेच्या शाखेत लावण्याचे बंधन होते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात लाभ मिळालेली ८०,२९९ खाती तपासली, त्यांपैकी ८.५ टक्के अपात्र निघाली. लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही वगळलेली आढळली. या दोन नमुन्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. तथापि यादीचे काम केवळ लबाड पकडणे नसून वगळलेल्यास आपण वगळले गेलो हे कळविणे हेही आहे, एवढे त्यांवरून निश्चित होते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख)(बारा) अन्वये अनुदान कार्यक्रमांच्या लाभधारकांचा तपशील शासनाने आपणहून प्रसिद्ध करावयाचा आहे. यावर खाजगीपणाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० साली शेती-अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट छापणे अवैध ठरविले. पुढे १,२५० युरोपर्यंतच्या लहान लाभधारकांची नावे झाकण्याचा मार्ग तेथे निघाला. पण तेथील चिंता मुख्यतः कोणास फार मिळते ही होती. आपल्याकडे कोणास मिळतच नाही हीही आहे. लहानांची नावे झाकली तर यादीची गरज ज्यास सर्वाधिक, त्याच्याच हातून ती जाईल.

हा प्रश्न कापसापुरता नाही. पालघर जिल्हा भाताचा. तारापूरच्या कारखान्यांत कापड होते, परंतु कापूसकरी येथला नव्हे. तथापि जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी शेतकऱ्याचे भात आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने घेते, तेव्हा उताऱ्यावर आजोबांचेच नाव उरलेल्या, किंवा केवळ वनपट्टा हाती असलेल्या कुटुंबाचे नाव कोणत्या यादीत चढते, हा तोच प्रश्न होय.

म्हणून नाव, गाव आणि रक्कम एवढेच ग्रामसभेपुढे वाचले जावे. खाते क्रमांक व आधार क्रमांक झाकलेले राहावेत. खर्चाचा आकडा विधिमंडळास पुरेल. शेतकऱ्यास मात्र आपले नाव शोधता आले पाहिजे.