पहिलं पुस्तक आणि पूर्वपक्ष

‘तत्त्वज्ञान वाचायचं आहे, पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?’ असं हल्ली अनेक तरुण विचारतात. कुणी कॉमर्स शिकलेलं असतं, कुणी बँकेत नोकरीला असतं. गोरेगावहून चर्चगेटला जाता-येता लोकलमध्ये जो वेळ मिळतो, तेवढ्यात काहीतरी चांगलं वाचावं एवढीच त्यांची इच्छा असते. सांगणारे पुष्कळ भेटतात. एक जण गीता सांगतो, दुसरा मार्क्स, तिसरा ओशो. ज्याचा जो पक्ष, त्याचं ते पुस्तक. बिचारा वाचक विचार करायला निघालेला असतो आणि पहिल्याच स्टेशनावर त्याच्या हाती कुठल्यातरी गटाची पावती पडते.

म्हणून पुस्तकाचं नाव सांगण्याआधी मी एक कसोटी सांगतो. ती माझी नव्हे, फार जुनी आहे. आपल्या शास्त्रकारांनी तिला पूर्वपक्ष असं नाव दिलं. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याच्या बळकटात बळकट युक्तिवादासह. मग त्याचं खंडन करायचं आणि शेवटी आपला सिद्धान्त सांगायचा, अशी ती रीत. पूर्वपक्ष दुबळा मांडला, तर सिद्धान्तही दुबळाच ठरतो. पोकळ बाहुल्याला आडवं पाडणाऱ्याला पैलवान कोण म्हणेल?

नवख्यांसाठी तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारी पुस्तकं आपल्याकडे हजार-बाराशे वर्षांपासून आहेत. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला. ते स्वतः जैन. पण त्यांनी बौद्ध, न्याय, सांख्य अशी इतरांची दर्शनंही अवघ्या 87 श्लोकांत सांगितली आणि शेवटी लोकायतांचं, म्हणजे चार्वाकांचं मतही नोंदवलं. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला. त्याचं पहिलंच प्रकरण चार्वाकावर आहे. माधवाचार्य वेदान्ती होते. ईश्वर, आत्मा, परलोक यांतलं काहीच न मानणाऱ्याला त्यांनी खोडून काढण्यासाठीच पुढे आणलं होतं, पण आणलं खरं. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज जवळजवळ हाती नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षातून कळतं. त्या पूर्वपक्षांत थट्टा किती आणि खरं मत किती, हे आज निवडत बसावं लागतं. मराठीत सदाशिव आठवले यांनी चार्वाकाच्या इतिहासावर आणि तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं, आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ लिहिलं. विरोधकाचं म्हणणं नीट न टिपल्यानं केवढं नुकसान होतं, हे अशा पुस्तकांवरून ध्यानात येतं.

ही रीत फक्त आपल्याकडेच होती असं नाही. ज्याला आपण तत्त्वज्ञान म्हणतो, त्याला अरबीत, फारसीत आणि उर्दूत ‘फलसफा’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. त्या परंपरेतले इमाम गझाली 1111 साली वारले. फलसफावाल्यांचे अनेक सिद्धान्त त्यांना मान्य नव्हते. पण खंडन करण्याआधी त्यांनी ‘मकासिद अल्-फलासिफा’ हे वेगळं पुस्तक लिहून विरोधकांचं म्हणणं सांगितलं. खंडनाचा ग्रंथ, ‘तहाफुत अल्-फलासिफा’, त्यानंतरचा. पुढे गंमत झाली. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात पहिल्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर झालं. ‘ही मतं मी पुढे खोडून काढणार आहे’ असं सांगणारी प्रस्तावना लॅटिनच्या बहुतेक प्रतींत नव्हती. झालं! युरोपातल्या अनेक पंडितांनी गझालींना त्याच मतांचा पुरस्कर्ता समजून त्यांचं पुस्तक अभ्यासलं. विरोधकाची बाजू इतकी चोख मांडली होती की ती लिहिणाराच त्या पक्षाचा वाटला. पूर्वपक्षाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

मराठीकडे वळू. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेनं 1188 मानला जातो आणि मराठीच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. तो आहे वेदान्ताचा परिचय, आणि त्यात गुरू-शिष्यांचा संवाद आहे. म्हणजे मराठी ग्रंथलेखनाच्या आरंभापाशीच शंका विचारणारा शिष्य उभा आहे. जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झालं, तेही प्रश्नोत्तरांतून पुढे सरकतं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते 1915 साली छापलं गेलं. टिळकांची बाजू कर्मयोगाची, ती ते लपवत नाहीत. तरी ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात त्यांना अमान्य असलेलं मत चार्वाकापासून मिल्लपर्यंत पायरीपायरीनं मांडलेलं आहे. अलीकडच्या काळात मे. पुं. रेगे यांनी ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ लिहिला. ते दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले आणि अखेरच्या वर्षांत मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते. नागपूरला 1990 साली दि. य. देशपांडे यांनी काढलेलं विवेकवादी मासिक पुढे ‘आजचा सुधारक’ या नावानं ओळखलं गेलं. रेगे आस्तिक, देशपांडे निरीश्वरवादी. मराठी वाचकाला दोघंही हवेत.

या कसोटीचा मी इतका आग्रह धरतो, त्याला कारण आहे. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. माझ्याविषयी दोन वाक्यांत निकाल देणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटतात. ‘तुमच्यात असंच असतं’ असं एक म्हणतो, ‘तू त्यांचाच झालास’ असं दुसरा म्हणतो. दोघांनीही माझा पूर्वपक्ष ऐकलेला नसतो. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगता येणं हे नुसतं पंडितांचं काम नव्हे. चाळीत, सोसायटीच्या सभेत, एकाच बाकावर बसून प्रवास करताना ते रोज लागतं. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या पुस्तकानं एवढं शिकवलं तरी पैसे वसूल झाले म्हणायचं.

तेव्हा दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हातात घ्याल, तेव्हा अनुक्रमणिका बघून तुम्हाला न पटणाऱ्या मताचं पान उघडा. ईश्वर मानत असाल तर नास्तिकाचं, मानत नसाल तर भक्ताचं. ते वाचताना क्षणभर चुळबुळ झाली, ‘अरे, याला उत्तर काय?’ असं वाटलं, तर पुस्तक घ्या. विरोधक दोन ओळींत मूर्ख ठरत असेल, तर ते परत फळीवर ठेवा. लेखक कितीही मोठा असो.

नावंच हवी असतील, तर मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानावरच्या नोंदींपासून आरंभ करा. त्या आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मग प्लेटोचा एखादा छोटा संवाद वाचा. इंग्रजीची सवय असेल, तर बर्ट्रांड रसेल यांचं 1912 सालचं ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ हे लहानसं पुस्तक घ्या. त्यानंतर ‘गीतारहस्य’ आणि आठवल्यांचा चार्वाक शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकाच्या समासात दुसऱ्याच्या वतीनं पेन्सिलीनं प्रश्न लिहीत जा. पुस्तक मात्र स्वतःचं असावं, ग्रंथालयाचं नव्हे!