बीटा-कॅरोटीन (पूरक)

बीटा-कॅरोटीन हे गाजर, रताळे, आंबा, पपई, तांबडा भोपळा व हिरव्या पालेभाज्या यांत आढळणारे नारिंगी रंगद्रव्य आहे. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. हाइनरिख वाकेनरोडर यांनी १८३१ मध्ये गाजरातून कॅरोटीन वेगळे केले. प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) गुणधर्मामुळे बीटा-कॅरोटीन गोळ्यांच्या रूपातही विकले जाते.

पूरकामागील तर्क

पेशींत निर्माण होणारी मुक्त मूलके डीएनएला इजा करू शकतात. प्रतिऑक्सिडीकारके त्यांना निष्प्रभ करतात. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. त्याचे श्रेय या एका द्रव्याला देणे मोहक होते. परंतु भाजीत इतरही शेकडो घटक असतात आणि ती नित्य खाणाऱ्याच्या इतर सवयीही बहुधा निराळ्या असतात.

चाचण्या

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट निघाला : रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक होते. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ जणांना बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळल्याने ही चाचणी जानेवारी १९९६ मध्ये नियोजित मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. सुमारे २२,००० अमेरिकी पुरुष डॉक्टरांवरील १२ वर्षांच्या चाचणीत, ज्यांतील बहुतेक धूम्रपान करीत नव्हते, लाभही दिसला नाही आणि हानीही नाही.

धुराच्या सान्निध्यात बीटा-कॅरोटीनचे स्वतःचेच ऑक्सिडीकरण होऊन अपायकारक घटक तयार होत असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

लाभ

लाभ मुळीच नाही, असेही म्हणता येत नाही. वयोपरत्वे होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासात क व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन आणि जस्त यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रोग बळावण्याचा धोका ५ वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला (२००१). पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर, धूम्रपान करणाऱ्यांचा धोका ध्यानात घेऊन, मिश्रणात बीटा-कॅरोटीनऐवजी ल्युटीन व झियाझँथीन सुचविण्यात आले. हे मिश्रण निरोगी डोळ्यांसाठी नव्हे. जाहिरातींत मात्र हा भेद सहसा सांगितला जात नाही.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये कर्करोग व हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन पूरक घेऊ नये, अशी शिफारस केली. आहारातील गाजर वा पालेभाजीला ती लागू नाही.