जुन्या पुस्तकांचा धंदा आणि विश्वासाचं भांडवल

रद्दीवाला पुस्तक वजनावर घेतो. आत काय लिहिलंय, याच्याशी त्याच्या काट्याला देणंघेणं नसतं. 'बेटर वर्ल्ड बुक्स'चा इतिहास वाचताना मला हा काटाच आठवतो.

अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठातल्या तरुणांनी २००२ मध्ये ही कंपनी काढली. कॅम्पसवर वापरून झालेली पाठ्यपुस्तकं गोळा करायची, इंटरनेटवर विकायची आणि मिळकतीतला वाटा साक्षरतेचं काम करणाऱ्या संस्थांना द्यायचा. पुढे ग्रंथालयांनी बाद केलेली पुस्तकंही येऊ लागली. त्यांनाही वाटा मिळे.

हे तेव्हाच का जमलं? २००० मध्ये अॅमेझॉनने आपलं संकेतस्थळ इतर विक्रेत्यांना खुलं केलं होतं. आयएसबीएन टाकला की भाव कळायचा आणि दूरचं गिऱ्हाईकही सापडायचं. वजनाची जागा क्रमांकाने घेतली.

पण ही सोय सगळ्यांनाच होती. मग यांचं वेगळेपण कशात? माझ्या मते, माल मिळवण्यात. देणगी हा इथे नफ्यातून उरलेला दानधर्म नव्हे. ती दिली जाते या विश्वासावरच लोक पुस्तकं फुकट देतात. अडचणही तिथेच आहे. कंपनी नफ्यासाठी चालणारी. मग फुकटच्या मालावर मालकांनी किती कमवायचं?

२०१९ मध्ये 'इंटरनेट आर्काइव्ह'शी संलग्न 'बेटर वर्ल्ड लायब्ररीज' या ना-नफा संस्थेने ती विकत घेतली. विक्री चालूच राहिली, मालकी बदलली. म्हणून अशा धंद्याकडे पाहताना मी देणगीच्या आकड्याआधी एकच विचारतो: मालक कोण?