तळटीप १२ : ॲट्रोपीन कुठे चालते, कुठे नाही

१२. मूळ मजकुरातला 'दरदरून घाम आला की ॲट्रोपीन' हा नियम हिंगोलीसारख्या कापूस-सोयाबीनच्या शिवारात अर्धाच खरा. फवारणीतल्या ऑरगॅनोफॉस्फेटमुळे ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर बंद पडते. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छाती कफाने भरते. तिथे मस्कॅरिनिक ग्राही अडवणारे ॲट्रोपीनच जीव वाचवते. छाती मोकळी होईपर्यंत ते देत राहावे लागते.

लाल विंचू चावल्यावरही घाम सुटतो, उलट्या होतात, आणि फसगत होते ती इथेच. ही कोलिनर्जिक लक्षणे लवकर ओसरतात. मागून नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो. अल्फा ग्राहींवरच्या त्याच्या माऱ्याने रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. अशा वेळी ॲट्रोपीन देणे म्हणजे धापा टाकणाऱ्या बैलाला पराणी टोचणे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात अल्फा ग्राही अडवणारी प्राझोसिनची साधी गोळी वापरली. १९८६ साली 'लॅन्सेट'ने त्यांचा अनुभव छापला. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११मध्ये दाखवले. हातपाय गरम होईपर्यंत गोळी दर ३ तासांनी देतात. ती दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे. लेकरू कितीही रडले तरी आईने त्याला कडेवर घेऊ नये. शेजारी बसून थोपटावे.