लाल नावांचे नाटकवाले

नाटकातला राजा तोंडावरचा रंग पुसला की पुन्हा तुमच्या-आमच्यासारखा माणूस होतो. पण दक्षिण चीनमध्ये एक नट असा होऊन गेला की तो रंगमंचाबाहेरही राजा म्हणवू लागला, आणि त्याचे प्रायश्चित्त साऱ्या नाटकवाल्यांना भोगावे लागले.

हा मुलूख म्हणजे क्वांगतुंग प्रांत. त्याच्या मुख्य शहराला परदेशी लोक कँटन म्हणत, म्हणून तिथली भाषा कँटनी आणि तिथले संगीत नाटकही कँटनी. समुद्राजवळ या मुलखात नदीला इतके फाटे फुटतात की जुन्या काळी जाणे-येणे बहुतेक पाण्यावरूनच होई. साहजिकच नाटकमंडळ्यांचा संसारही नावेवर असे. नावा लाल रंगवलेल्या. गावच्या देवाचा उत्सव आला की गावकरी मंडळी ठरवीत, बांबूचा मांडव घालीत, आणि वळणावर लाल नाव दिसली की पोरेसोरे काठाकडे धावत असतील, हे काही सांगायला नको! नावेतल्या झोपण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटीत. रंगमंचावरचा सेनापती रात्री कुठल्या फळीवर अंग टाकील, हे चिठ्ठी ठरवी.

गाव असा जीव टाकी, पण सरकारदरबारी नट हीन समजला जाई. नटाच्या मुलाला सरकारी परीक्षेला बसता येत नसे, म्हणजे अधिकारी होण्याची वाटच बंद. शिक्षक बंधूंनी क्षणभर विचार करावा: मुलगा कितीही हुशार असला तरी बापाच्या धंद्यापायी त्याला परीक्षेचे दार बंद. अशा परिस्थितीत 1854 साली बंड पेटले, आणि ली वेनमाओ नावाचा नट आपल्या जातभाईंना घेऊन त्यात उतरला. त्याचे लोक नाटकातले कपडे घालूनच लढले, असे सांगतात. 1857 साली त्याने राजा ही पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी तो मेला. इकडे फोशान गावातले नटांचे संघगृह सरकारने जाळले आणि कँटनी नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांहून अधिक काळ ती टिकली. पण गावच्या देवाला नाटक हवे, आणि नटाला भाकरी हवी! मंडळ्या परप्रांतीय नाट्यप्रकाराचे नाव लावून खेळ करीतच राहिल्या.

पुढे विसाव्या शतकात दुसरा बांध फुटला. स्त्री-पुरुषांनी एका रंगमंचावर उभे राहायचे नाही, असा नियम होता. पुरुषांच्या मंडळीत पुरुषच नायिका होई. आपल्याकडचे बालगंधर्व आठवा. तर स्त्रियांच्या मंडळीत नायकही स्त्रीच. कँटन शहरातल्या मोठमोठ्या दुकानांच्या गच्चीवर अशा स्त्री-मंडळ्यांचे खेळ होत. त्यांतूनच याम किम-फाय ही नायकाचे काम करणारी नटी नावारूपास आली. तिचा जन्म 1913 चा.

हाँगकाँगने 1933 साली मिश्र मंडळ्यांना परवानगी दिली. आता नायकाला पुरुष मिळू लागला. तेव्हा पुरुषवेषातल्या बाईचे काम संपायला हवे होते. पण ते संपले नाही. जपानी फौजांनी 1941 च्या अखेरीस हाँगकाँग घेतले, तेव्हा ती जवळच्या पोर्तुगीज मकावमध्ये खेळ करीत होती. युद्धानंतर हाँगकाँगला आली तेव्हा तिच्या प्रेक्षकांत बायकांचा भरणा मोठा. परक्याच्या घरी धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या बायाही त्यांत होत्या. ‘नाटकवेड्यांचा प्रियकर’ असे बिरुद लोकांनी या बाईला दिले! मला वाटते, हळुवार बोलणारा, शब्द पाळणारा पुरुष त्या बायकांना तिच्याच रूपात भेटत असावा.

1956 साली याम आणि तिची नायिका बाक स्यूत-सिन यांनी ‘सिन फुंग मिंग’ ही मंडळी काढली. नाटककार होता थोंग तिक-सांग. 1957 साली त्याने मिंग घराण्याच्या शेवटच्या राजकन्येचे नाटक दिले. राज्य बुडालेले; नव्या बादशहाकडून राजकन्या बापाचे दफन आणि धाकट्या भावाची सुटका पदरात पाडून घेते, आणि लग्नाच्या रात्रीच वधू-वर विष घेतात. नटाला हीन समजणाऱ्या जगात या माणसाने नाटकाची भाषा काव्याच्या तोडीची केली.

14 सप्टेंबर 1959 रोजी हाँगकाँगच्या ली थिएटरात त्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग चालू होता. थोंग प्रेक्षकांत बसला होता, तिथेच तो कोसळला आणि थोड्याच तासांत गेला. वय अवघे बेचाळीस. 1961 नंतर मंडळीचे खेळ थांबले. पण त्याआधीच दोघी नट्यांनी काही मुली निवडून शिकवायला घेतल्या होत्या. त्यांतल्या लुंग किम-सांग हिच्या वाट्याला नायकाचे काम आले. राजकन्येचा तो वर पुढे कितीतरी वर्षे तिने रंगवला.