टॅनिंग बेडचे कुळ

कृत्रिम अतिनील किरणांनी कातडी रापवून घेण्याची दिव्यांची खाट, म्हणजे टॅनिंग बेड, ही सहसा जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांच्या १९७०च्या दशकातील कामाशी जोडली जाते आणि रापलेल्या वर्णाच्या आवडीचे श्रेय फॅशनकार कोको शानेल यांना दिले जाते. यंत्रापुरते पहिले मत मान्य करता येते. दुसरे मात्र कालक्रमापुढे टिकत नाही.

शानेल यांच्या रापलेल्या कांतीची चर्चा १९२०च्या दशकातली, तर स्वित्झर्लंडमधील लेझां येथे डॉ. ओग्यूस्त रोलिए यांनी सूर्यचिकित्सा, म्हणजे उन्हाने रोग बरा करण्याची पद्धत, १९०३ मध्येच सुरू केली होती. हाडांच्या क्षयाचे रुग्ण तेथे खाटांसह सज्जात आणले जात. पहिल्या दिवशी केवळ पावले सुमारे ५ मिनिटे उघडी ठेवत आणि मग दिवसागणिक वेळ वाढवीत ऊन पोटऱ्या, मांड्या, पोट असे वर चढू देत. ज्याची कातडी चांगली रापते तो चांगला बरा होतो, अशी रोलिए यांची धारणा होती, आणि रापलेला वर्ण प्रकृतीचा पुरावा ठरला तो येथेच. शानेल यांनी ही आवड पसरवली असेल, पण तिला प्रतिष्ठा दिली ती रुग्णालयाने. आधी थोडे रापून घेतले की पुढचे ऊन बाधत नाही, हा टॅनिंग व्यवसायाचा लाडका दावाही त्या ५ मिनिटांचाच वंशज असावा.

दुसरा पूर्वज बर्लिनचा. तेथे १९१९ मध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली, आणि टॅनिंगवाले ‘ड’ जीवनसत्त्वाचा हवाला देतात तो याच पुण्याईवर. परंतु हे जीवनसत्त्व त्वचेत मुख्यतः ३१५ नॅनोमीटरहून आखूड किरणांनी तयार होते आणि वोल्फ यांच्या धर्तीच्या दिव्यांचा भर त्याहून लांब किरणांवर असतो, त्यामुळे हा वारसाहक्क लंगडा ठरतो.

आरोग्य कार्यकर्त्यांना म्हणूनच यंत्राइतकेच या औषधी प्रतिष्ठेशी झगडावे लागले. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा जीवघेणा कर्करोग, झालेली मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २००७ मध्ये २६व्या वर्षी गेली, पण मरणाच्या दारातही ती टॅनिंगविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिली, आणि व्हिक्टोरिया राज्याने पुढच्याच वर्षी १८ वर्षांखालील मुलांना या खाटा बंद केल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची उपकरणे तंबाखूच्या पंक्तीला, निश्चित कर्ककारकांच्या गटात बसवली. त्याच वर्षी ब्राझीलने बंदी घातली ती सौंदर्यासाठी होणाऱ्या वापरावर; सोरायसिससारख्या त्वचाविकारांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे प्रकाशोपचार मात्र तिने वगळले.