भट्टी मंदावली की आपली पाळी

डहाणू रोडला उतरताना इंजिनातून उडालेली कोळशाची कणी तुमच्या डोळ्यात जाते. चोळू नका, रुमालाच्या टोकाने अलगद काढा. साल १९५८, डिसेंबरचा तिसरा रविवार. विरारच्या पुढे विजेवरची गाडी अजून आलेली नाही. त्यामुळे सगळा प्रवास वाफेवर आणि तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर झालेला आहे. खिशातली नाणीही बघून घ्या. नवे पैसे येऊन पावणेदोन वर्षं होत आली, तरी बाजार अजून आण्यांतच बोलतो. तुम्ही आत्ता मुंबई राज्यात आहात, महाराष्ट्र व्हायचा आहे. डहाणू मराठी मुलखात राहणार की गुजरातेत जाणार, यावर स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात दोन गृहस्थ तावातावाने भांडताहेत. एकाची बशी हातात तशीच राहिली आहे. ऐकत उभे राहू नका, तुमची वाट दुसरीकडे पाहताहेत.

घर वसईहून बदलून आलेल्या एका शिक्षकाचं. ओसरीवर बांबूच्या कामट्यांची नाताळची चांदणी अर्धवट चिकटवून ठेवलेली, खळीचा वाटी-चमचा तिथेच. आत पाऊल टाकताच आजी तुमच्यापुढे परात सरकवते. परातीत तूप आणि पिठीसाखर. नानकटाईसाठी तूप हाताने फेसायचं आहे.

"एकाच दिशेने फिरव. हात थांबवू नकोस," आजी सांगते.

सुरुवातीला साखर तळव्याला खरखरते. मग ती विरते, तुपाचा पिवळेपणा उतरू लागतो आणि मनगट दुखायला लागतं तेव्हा कुठे ते पांढरंशुभ्र, हलकं होतं. आजी त्यातला बोराएवढा गोळा पाण्याच्या वाटीत सोडते. बुडाला. "अजून." पुन्हा फेसा. दुसऱ्या वेळी गोळा तरंगतो आणि मगच मैद्याची चाळण हलते. मैद्याबरोबर मूठभर बेसन, चमचाभर रवा, जायफळाचा कीस आणि वेलची. वेलचीची टरफलं चहाच्या डब्यात जातात. या घरात काही फुकट जात नाही.

पलीकडे चटईवर मुलं कुलकुलं वळताहेत. नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याची सुपारीएवढी गोळी नव्या कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबायची आणि गुंडाळत आणायची, की अंगावर रेषा उमटलेला शिंपला तयार होतो. थोरल्या मुलीचे शिंपले एकसारखे, धाकट्याचे वेडेवाकडे. धाकट्याचे वेगळ्या ताटात ठेवलेत. ते नंतर तळायचे, म्हणजे त्याला स्वतःचे ओळखता येतील. त्याची आई हे आधी ठरवून बसली आहे, मला तिचं फार कौतुक वाटतं.

फुग्यांचं पीठ मात्र गप्पांच्या आवाजात भिजत नाही. ते आंबतं ताडीवर, आणि १९४९च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आहे. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या माळापर्यंत ताडाची झाडं उभी आहेत, थंडी सुरू झाली की रस चांगला उतरतो, आणि नाताळच्या पिठाला नेमका तोच लागतो. पहाटे मागच्या दारी एक गाडगं येतं. कोणी आणलं, विचारू नका. आजी ते पदराखालून आत नेते, कपड्यातून गाळते, अंडी, साखर आणि नारळाचं दूध घातलेल्या मैद्यात ओतते आणि वर ताट झाकते. संध्याकाळी ते पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून तेलात सोडलं, की टम्म गोल फुगे वर येतील.

नानकटाईच्या पिठाचं पातेलं मात्र या घरात भाजलं जाणार नाही. ओव्हन कुणाकडेच नाही. केकसाठी कोणी पातेल्यात वाळू घालून वरखाली निखारे ठेवतं, पण एवढ्या बिस्किटांना ते पुरत नाही. तेव्हा पातेलं फडक्यात बांधा, डोक्यावर घ्या आणि बाजारातल्या भट्टीवर चला.

भट्टी म्हणजे विटांची बुटकी खोली. रात्री आत लाकडं पेटवतात, विटा तापून पांढऱ्या पडल्या की निखारे ओढून काढतात आणि काठीला बांधलेलं ओलं गोणपाट आतून फिरवतात. पहिल्या कडक आचेवर पाव जातो. ती आच बिस्किटांसाठी नाही, नानकटाई तिच्यात गेली तर वरून करपेल आणि पोटात कच्ची राहील. पाव निघाले, तासभर गेला, भट्टी मंदावली, की घराघरांतून आलेल्या पातेल्यांची पाळी. भट्टीवाले चाचा आत हात घालून मनातल्या मनात काहीतरी मोजतात आणि हात काढतात. तेवढ्यावरून त्यांना आच कळते.

"अजून नाही. बसा."

तुम्ही मैद्याच्या गोणीवर बसता. रांगेत तुमच्या पुढे एक पारशी बाई, त्यांच्या पिठात तूप आणि ओवा. मागे एक गुजराती काका, ते नानकटाईला पिस्ते लावणार. पारशी बाई बोलायला उत्सुक आहेत. याच रेल्वेवर पुढे सुरत लागतं, आणि डच वखारीच्या पावांपासून बटासा आणि नानकटाई कशी निघाली, वखार उठल्यावर ती भट्टी दोटीवाला नावाच्या पारशाकडे कशी आली, ही सुरतची आवडती कथा त्या तुम्हाला ऐकवतात. उरलेला पाव सुकत गेला, कुरकुरीत झाला, लोकांना तोच आवडू लागला. चाचांना ही कथा तोंडपाठ असावी, ते पत्रे पुसता पुसता बरोबर जागी मान हलवतात.

आता नीट बघा. पत्र्यांवर गोळे मांडताना प्रत्येक घर आपली खूण उमटवतं, कारण आत सगळे पत्रे एकत्र जातात आणि भाजून निघाल्यावर पिवळी बिस्किटं सारखीच दिसतात. पारशी बाई शिवणाचं अंगुस्तान दाबतात. काकांचा पिस्ता हीच त्यांची खूण. तुमच्याबरोबर आलेली थोरली मुलगी फ्रॉकच्या खिशातून एक धातूचा ठोकळा काढते, जेमतेम सुपारीएवढा. इथून दक्षिणेला चिंचणीच्या बाजूला सोनारांसाठी दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. हा त्यांच्याकडचा, कड झिजल्यामुळे टाकून दिलेला. ठोकळ्यावर पाच पाकळ्यांचं फूल आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढी एकेक पाकळी, आणि प्रत्येक पाकळीत तीन शिरा कोरलेल्या. मुलगी तो पिठीत बुडवते, झटकते आणि गोळ्यावर सरळ खाली दाबते. वर उचलताना जराही हलवत नाही. सोन्याच्या पत्र्यावर उठायचं ते फूल मैद्यावर उठतं. भाजताना गोळा पसरेल, शिरा पुसट होतील, पाकळ्या तेवढ्या राहतील. चाचा लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत सरकवतात आणि म्हणतात, "फूलवाले, तुमचं झालं."

इथेच थोडं मागे चला. दोनशे वीस वर्षं.

भट्टीची ऊब तीच, माणसं वेगळी. डिसेंबर १७३८, खाडीजवळचा डहाणूचा कोट. पोर्तुगीजांच्या स्वयंपाकघरात नारळ, रवा, अंडी आणि गूळ आहे, पीठ फुगवायला ताडी आहे. ओली लाकडं धूर करताहेत आणि त्या धुरात कोणी मोठ्याने बोलत नाही, कारण चिमाजीआप्पांच्या फौजा उत्तर कोकणात आहेत. नवं साल उजाडल्यावर थोड्याच दिवसांत डहाणू मराठ्यांकडे जाईल, मे महिन्यात वसई पडेल. कोटावरचं निशाण बदलेल. चुलीवरचं मात्र राहील. पेरू, पपई, काजू ही पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेहून आलेली झाडं परसात रुजली आहेत. आजीच्या नाताळच्या ताटातली पेरूची लालसर वडी आणि कच्च्या पपईचे साखरेत मुरवलेले रंगीत तुकडे त्याच झाडांचे. सत्तेचा इतिहास आपण लढायांवरून मोजतो. मला तो या वडीत जास्त खरा दिसतो.

परत पुढे येताना १९४५ला थांबा, आणि या वेळी डहाणूत नको, आत तलासरीच्या बाजूला. हा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यात. इथे तुम्हाला परात दिसणार नाही. झरीला मे महिन्यात वारली आदिवासींची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध उभं केलेलं आंदोलन पाड्यापाड्यात पोचलं, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड तिथे मारला गेला. डिसेंबरात गवत कापणीची मजुरी पदरात पडते की नाही, हा प्रश्न आहे. ज्या हातांनी सावकाराची भातं झोडली, त्यांच्या घरात नागलीची भाकर आहे, तीही मोजून. काही मैलांवर भट्टी असून तिथे यांचं पातेलं कधी गेलेलं नाही. तूपसाखर कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, याचाही इतिहास असतो. नाताळच्या फराळावर लिहिताना तो वगळायचा नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१ मे १९६०. उंबरगाव गुजरातेत जातो, त्यातली काही गावं महाराष्ट्रात राहतात आणि त्यांचा तलासरी होतो. या गडबडीतून पटकन पुढे या. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. २०१६मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. तेही झाड अमेरिकेचंच, इराणी बागायतदारांनी इथल्या मातीत वाढवलेलं.

आता तुम्ही आपल्याच काळात, तलासरीजवळच्या एका पाड्यावर. महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज इथपर्यंत येतो. घर वारली ख्रिस्ती कुटुंबाचं, थोरली मुलगी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली. कॉटवर छोटा विजेचा ओव्हन, बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा. परातीत नागलीचं पीठ, गूळ, तूप आणि वाळवलेल्या चिकूची पूड. नागलीला मैद्यासारखा चिकटपणा नाही, म्हणून थोडं गव्हाचं पीठ घालून गोळा दाबून दाबून एकजीव करावा लागतो. आई तो लाटते आणि वाटीच्या काठाने चकत्या पाडते. उरलेल्या कडा लहान पोरं कच्च्याच खातात, आई ओरडते, पोरं पुन्हा खातात.

बिस्किटं निवेपर्यंत मुलगी अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटते. ओव्हनमधून आलेली चकती गेरूने सारवलेल्या भिंतीसारखी तांबूस आहे, आणि म्हणून पुढे काय होणार ते तुम्हाला कळतं. मुलगी बांबूची काडी एका टोकाला चावून मऊ करते, साखरेत बुडवते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर ठिपका, चार रेषा. माणूस झाला. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी हीच माणसं कागदावर आणि कापडावर आणली, १९७०च्या दशकात ती जगभर गेली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीची आजी मात्र लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं पवित्र चित्र, लिहायची. चौक बिस्किटावर काढायचा नाही, हे या घरात न बोलता ठरलेलं आहे. बिस्किटावर गव्हाणी, मेंढरं, ताडाचं झाड आणि त्यावर चढणारा माणूस. देवदूतालाही त्रिकोणच, फक्त पंखांचे दोन जास्त.

पहिल्या दहा-बारा चकत्या सुकायला सुपात जातात. यातली एक पुडी शेजारच्या हिंदू घरी, एक दुकानदाराकडे, एक डहाणूला चिकूच्या वाडीच्या मालकिणीकडे, तिथे हिची आई कामाला जाते. दिवाळीत तिकडून डबा आला होता, तो रिकामा कसा पाठवायचा.

"तुम्ही पण काढा," मुलगी काडी तुमच्या हातात देते.

तुम्ही मधोमध तारपा फुंकणारा वादक काढता. हात थरथरतो, पण तारपा ओळखू येतो. मग त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी. तीन माणसं झाली, चौथं जागेअभावी तुम्ही उलट तोंडाचं काढता. मुलगी लगेच वाकते.

"पाठ नाय दाखवायची तारप्याला. सगळी त्याच्यासंगं फिरतात." ती नखाने ते माणूस अलगद खरवडते, बोट चाटते आणि चकती पुन्हा तुमच्यापुढे सरकवते. "ओलं हाय तोवर निघतं. काढा परत, अजून दोन ताटं बाकी हायेत."